अरोरा बघायला एकटीने, भर जानेवारीत – जाऊ का?

अबोली_नाशिक – १८ ऑगस्ट २०२४

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी चोवीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. दर वर्षी फळ्यावर पृथ्वी काढायची, तिच्या डोक्यावर हिरव्या खडूने एक कडं काढायचं आणि म्हणायचं, हा ध्रुवीय प्रकाश, इंग्रजीत अरोरा बोरिआलिस. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, बाई तुम्ही बघितलाय का? मी नाही म्हटलं आणि पुढचा धडा घेतला, पण तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. आता वय ५२, यंदा स्वेच्छानिवृत्ती घेतलीय, हाताशी थोडे पैसे आहेत आणि मला जायचंय. ह्यांना थंडी अजिबात सोसत नाही, मुलगी नोकरीत अडकलेली, म्हणून एकटीनेच जाईन म्हणतेय. घरचे म्हणतात ग्रुप टूर घे. मी चौकशी केली, पण त्यात एकच रात्र अरोरासाठी आणि बाकी दहा दिवस शहरं, सांताक्लॉजचं गाव आणि खरेदी. मला तसं नकोय.

प्रश्न असे: नॉर्वे, फिनलंड की आइसलंड? किती रात्री ठेवाव्यात? बाईमाणसाने एकटीने रात्री काळोखात बाहेर थांबणं कितपत बरं? आणि थंडी खरंच सोसते का, मी आजवर बघितलेली सगळ्यात जास्त थंडी म्हणजे निफाडची.

शेवचिवडा

वाचतोय. निफाडची थंडी चांगली पूर्वतयारी आहे, द्राक्षबागायतदारांना विचारा. 🙂

गोदाकाठ

जा. एवढंच.

मीरा_ऑस्लो

अबोलीताई, अवश्य या. मी नऊ वर्षं नॉर्वेत आहे, ट्रॉम्सोला हिवाळ्यात तीनदा गेलेय, त्यातली एक खेप एकटीने.

सुरक्षिततेचं आधी सांगते कारण घरचे तेच विचारणार. माणसांची भीती वाटेल असं काही नाही, रात्री अकरा वाजता बायका एकट्या चालत घरी जाताना दिसतात. भीती आहे ती बर्फाची. ट्रॉम्सो ६९ अंशांवर असलं तरी किनाऱ्याने उबदार सागरी प्रवाह जातो, त्यामुळे जानेवारीत सरासरी उणे चारच्या आसपास असतं, आणि मधेच शून्याच्या वर जाऊन पाऊससुद्धा पडतो. तो पाऊस परत गोठला की रस्त्यांची काच होते. बुटांना खालून लावायचे खिळेवाले रबरी पट्टे मिळतात, इथे ब्रोडर म्हणतात, उतरल्या दिवशी पहिली खरेदी तीच करायची. दुसरं म्हणजे कोटाला लटकवायचा चमकता बिल्ला, म्हणजे गाडीवाल्याला अंधारात माणूस दिसतो. इथे लहान मुलांपासून आजोबांपर्यंत सगळे लावतात.

कपड्यांचं: सुती बनियन अजिबात नको, घाम धरून ठेवतं आणि मग अंग गार पडतं. आत मेरिनो लोकरीचं, मधे जाड लोकरीचं किंवा फ्लीसचं, वर वारा अडवणारं. बूट एक नंबर मोठे घ्या, आत जाड मोजा घालून बोटं हलली पाहिजेत, आवळून बांधलेला पाय सगळ्यात आधी गारठतो.

आणि गाडी स्वतः चालवायचा विचार असेल तर सोडून द्या. बर्फावर चालवायची सवय नसताना, अंधारात, वर आकाशाकडे बघत... नकोच.

दादर_टीटी

मी थोडं विरुद्ध बोलणार आहे, राग मानू नये. एवढा खर्च, पन्नाशी उलटलेली, परका देश, वीस वीस तास अंधार, आणि दिसेलच याची कोणी हमी देत नाही. आमच्या ओळखीतल्या एक बाई युरोपातल्याच एका गावी हॉटेलच्या दारात घसरल्या, मनगट मोडलं. ग्रुप होता म्हणून कोणीतरी दवाखान्यात सोबत बसलं, कोणीतरी सामान आवरलं, घरी फोन केला. एकटं असताना हे कोण करणार? धाडस वेगळं आणि सोय वेगळी.

मीरा_ऑस्लो

@दादर_टीटी, मुद्दा बरोबर आहे, मनगटाचाच फ्रॅक्चर इथे हिवाळ्यात सगळ्यात जास्त ऐकायला येतो. पण म्हणून ब्रोडर घालायचे, विमा नीट घ्यायचा आणि हॉटेलात सांगून बाहेर पडायचं. ग्रुपमध्ये असलं तरी घसरणारा पाय आपलाच असतो.

खगोलवेडा

भूगोलाच्या बाई म्हणताय तर जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, केपी या आकड्याच्या नादाला लागू नका. ० ते ९ असा तो निर्देशांक असतो, पृथ्वीचं चुंबकक्षेत्र किती ढवळलंय ते सांगतो. लोक ॲपवर केपी २ बघतात आणि हिरमुसून झोपतात. हा आकडा जितका मोठा तितकं ते कडं दक्षिणेकडे पसरतं. स्कॉटलंडमधल्या माणसाला केपी ६ लागेल, पण ट्रॉम्सो, स्वीडनमधलं अबिस्को, कॅनडातलं यलोनाइफ ही गावं त्या कड्याच्या खालीच आहेत. तिथे केपी १-२ लाही छान दिसतं. तुम्ही खडूने काढायचात ते कडं खरंच आहे, फक्त ते भौगोलिक ध्रुवाभोवती नसून चुंबकीय ध्रुवाभोवती आहे, म्हणून कॅनडात ते बरंच खाली येतं.

दुसरी गोष्ट, ढग. हिरवा प्रकाश साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवर असतो, म्हणजे पुण्याहून साताऱ्याइतकं अंतर सरळ वर. ढग फार तर दहा-बारा किलोमीटरवर. वर कितीही मोठा उत्सव चालू असू दे, खाली झाकण असेल तर काही दिसणार नाही. म्हणून अरोराचा अंदाज कमी आणि ढगांचा अंदाज जास्त बघायचा.

हिरवा रंग ऑक्सिजनचा. २०० किलोमीटरच्या वर तोच ऑक्सिजन लाल देतो. अगदी खालच्या काठाला कधी गुलाबी-जांभळी झालर दिसते, ती नायट्रोजनची.

सूर्यावरची खळबळ ठरावीक वर्षांनी वाढते आणि ओसरते, त्याला सौरचक्र म्हणतात; सध्या २५वं सौरचक्र शिखराच्या जवळ आहे. या मे महिन्यात १०-११ तारखेला इतकं मोठं सौरवादळ आलं की लडाखमधल्या हान्लेच्या वेधशाळेतून क्षितिजावर लाल प्रकाश टिपला गेला. गंमत म्हणजे त्या रात्री ट्रॉम्सोत आकाश पुरतं काळोखलंच नव्हतं, मे महिन्यात तिथे रात्र फिकीच असते. म्हणून उन्हाळ्यात जाऊन उपयोग नाही.

अबोली_नाशिक

@खगोलवेडा, खूप खूप आभार. चुंबकीय ध्रुवाचं वाचून मी आत्ता घरातला पृथ्वीचा गोल काढून बसलेय. मीराताई, तुमच्या सूचना वहीत उतरवून घेतल्या. दादर_टीटी, राग नाही, ह्यांनीही अगदी हेच वाक्य म्हटलं होतं.

सह्यवारा

ट्रॉम्सोची चार रात्रींची माझी हकीकत. पहिली रात्र ढग. दुसरी रात्र ढग आणि बर्फ. तिसऱ्या रात्री मिनीबसवाल्यांबरोबर गेलो, गाइड मुलगी गाडी चालवता चालवता दर थांब्याला उपग्रहाचं चित्र बघत होती, शेवटी फिनलंडची हद्द ओलांडून किल्पिसयार्वीच्या बाजूला गेलो, ट्रॉम्सोपासून अडीच-तीन तास. पासपोर्ट खिशात ठेवा बरं का. तिथे आकाश असं मोकळं की आपल्याला एवढे तारे असतात हे विसरायला झालं होतं. साडेअकराला सुरू झालं आणि वीस मिनिटांत संपलं. त्या वीस मिनिटांसाठी मी परत जाईन.

चौथ्या रात्री पुन्हा ढग. म्हणजे चारातली एक. तीन रात्रींपेक्षा कमी ठेवाल तर नशिबावर सोडल्यासारखं आहे, सहा-सात ठेवा.

कऱ्हाडकर

सगळे ट्रॉम्सो ट्रॉम्सो करतायत म्हणून अबिस्कोची बाजू मांडतो. बाई, तुम्हाला हे दोन वाक्यांत कळेल. नॉर्वेचा किनारा म्हणजे कोकण. समुद्रावरून ओलं वारं येतं, डोंगराला अडतं आणि तिथेच सगळं रितं होतं. डोंगराच्या पलीकडे स्वीडनच्या हद्दीत अबिस्को, म्हणजे आपलं माण-खटाव. पर्जन्यछाया! वर्षाला जेमतेम ३०० मिलिमीटर पाऊस-बर्फ मिळून पडतो. टोर्नेट्रास्क नावाचं लांबलचक तळं आहे, त्याच्यावर आकाशाचा एक तुकडा बऱ्याचदा मोकळा राहतो, तिथले लोक त्याला निळं भोक या अर्थाचंच काहीतरी म्हणतात. आजूबाजूला ढग आणि मधे तारे, हे मी स्वतः पाहिलंय.

स्टॉकहोमहून रात्रीची रेल्वे थेट येते, सतरा-अठरा तास लागतात. ट्रॉम्सोहून यायचं तर नार्विकपर्यंत बस, साधारण चार तास, तिथून रेल्वे. गाव एवढंसं आहे, दुकान एक, त्यामुळे एकट्याला कंटाळा येऊ शकतो, पण काळोख गावाच्या उंबऱ्यापर्यंत येतो, टूर घ्यावी लागत नाही, दार उघडून शंभर पावलं चालायचं.

यलोनाइफ_ते_यवतमाळ

कॅनडाही विचारात घ्या. ६२ अंशांवरच आहोत पण वर खगोलवेडा म्हणाले तसं कडं इथे खाली येतं. सपाट प्रदेश, समुद्र लांब, हिवाळ्यात आकाश फार वेळा स्वच्छ. मात्र जानेवारीत उणे तीस नेहमीचं, पापण्यांना दव गोठतं. यवतमाळला मे महिन्यात ४५ सोसलेला माणूस आहे मी, दोन्ही टोकं बघून झाली.

पानगळ

कोणाचा उत्साह घालवायचा नाहीये पण खरं लिहिते. मी गेले होते, आइसलंडला, आणि मला राखाडी ढगासारखा एक पट्टा दिसला. शेजारचा माणूस कॅमेऱ्यात बघून ओरडत होता हिरवं हिरवं, आणि मी डोळे ताणून बघतेय तर पांढुरकं. रडू आलं होतं तेव्हा. फोटो बघून जाऊ नका, एवढंच सांगेन.

खगोलवेडा

@पानगळ, तुमचं बघण्यात काही चुकलं नाही. अंधुक उजेडात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही. कॅमेरा पाच-दहा सेकंद प्रकाश साठवतो म्हणून त्याला हिरवं दिसतं. अरोरा प्रखर झाला की मात्र नुसत्या डोळ्यांना हिरवा दिसतोच, आणि हालचाल दिसते, जी फोटोत कधीच येत नाही. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं द्या आणि तेवढ्या वेळात मोबाइल खिशातून काढू नका.

पानगळ

हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी अजून एक रात्र थांबले असते.

पूर्वाषाढा

विषयांतर होतंय, पण टिळकांची आठवण निघाल्याशिवाय हा धागा पुरा कसा व्हायचा? ऋग्वेदातल्या उषेच्या सूक्तांत कित्येक दिवस चालणारी पहाट येते, असं म्हणून त्यांनी आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ होतं असा सिद्धान्त १९०३ साली मांडला.

कऱ्हाडकर

सिद्धान्त आता कोणी मान्य करत नाही.

पूर्वाषाढा

मान्य कुठे करा म्हणतेय. मी एवढंच म्हणतेय की जानेवारीत ट्रॉम्सोला सूर्य न उगवता चार-पाच तास नुसती पहाट असते, गुलाबी आणि निळी, ती बघताना मला ती सूक्तं आठवली. अबोलीताई, दिवसा झोपून राहू नका. लोक फक्त रात्रीसाठी जातात आणि तो दुपारचा उजेड चुकवतात.

वास्को_वाडी

ध्रुवाचा विषय निघाला म्हणून सांगतो, आमच्या वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. त्यांचं हिमाद्री हे ठाणं २००८पासून नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवर, जवळजवळ ७९ अंशांवर. डिसेंबर २०२३मध्ये पहिल्यांदाच आपले शास्त्रज्ञ हिवाळ्यात तिथे राहायला गेले. तिथे दुपारीसुद्धा काळोख असतो, त्यामुळे अरोरा दिवसाही दिसू शकतो.

शेवचिवडा

आता मुख्य विषय. खायचं काय?

मीरा_ऑस्लो

बाहेर खाणं भयंकर महाग. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. मेतकूट, भाजणी, थालीपीठाचं पीठ, दडपे पोह्यांचा मसाला, सुकी चटणी आणा.

आजीचा_बटवा

आणि डबाभर साजूक तूप! थंडीत तुपाशिवाय काही नाही.

मीरा_ऑस्लो

आजी, तूपच आणता येत नाही. 😀 युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे तूप, पेढे, बर्फी सगळं. विमानतळावर काढून घेतात. लोणी इथलंच घ्या आणि कढवा.

व्हिसावाला_मित्र

थोडक्यात: शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच, सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. नॉर्वे आणि स्वीडन दोन्ही त्यातच, फक्त जास्त रात्री जिथे त्या देशाकडे अर्ज करायचा. फी जून २०२४पासून ९० युरो झाली आहे. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, घेताना बर्फावर घसरून झालेली इजा धरलीय का ते वाचून घ्या. एकट्या बाईला विचारतात असं काही नाही, पण परतीचं तिकीट, हॉटेलं, पेन्शनचे कागद व्यवस्थित लावा.

अबोली_नाशिक – ६ ऑक्टोबर २०२४

ठरलं! १८ जानेवारीला ट्रॉम्सो, चार रात्री, मग बसने नार्विक आणि रेल्वेने अबिस्को, तीन रात्री. कोकणही बघेन आणि माण-खटावही. 🙂 तिकिटं काढली. ह्यांनी स्वतःहून सुटकेसचं चाक दुरुस्त करून आणलंय, म्हणजे परवानगी समजते.

मीरा_ऑस्लो

२१ तारखेला ट्रॉम्सोतच असाल! त्या दिवशी तिथे सूर्याचा दिवस. नोव्हेंबरच्या शेवटी मावळलेला सूर्य डोंगराआडून पुन्हा डोकावतो, आणि सगळं गाव जॅम भरलेले गोल पाव खातं. सूर्याचे पाव. शाळकरी मुलं सुद्धा बाहेर येतात. संक्रांतीनंतर आठवड्याने.

आजीचा_बटवा

मग तिळगूळ ने. त्यात दूध नाही.

गोदाकाठ – २ फेब्रुवारी २०२५

धागा वर काढतोय. बाई परत आल्या का?

अबोली_नाशिक – ४ फेब्रुवारी २०२५

आले. दोन दिवस नुसती झोपत होते, आता लिहिते.

पहिल्या रात्री ट्रॉम्सोत पाऊस. अक्षरशः पाऊस, आणि सकाळी रस्ता काच. ब्रोडर घेतले होते म्हणून उभी राहू शकले, माझ्या डोळ्यांसमोर दोन तरणीताठी मुलं आपटली. दुसऱ्या रात्री मिनीबसने सह्यवारांच्याच वाटेने फिनलंडच्या बाजूला गेले. उत्तरेला एक कमान दिसली, पांढुरकी, अगदी पानगळ यांनी लिहिलंय तशी. फोनमध्ये हिरवी आली. मला मात्र वाईट नाही वाटलं कारण काय दिसतंय ते ठाऊक होतं. गाइडने शेकोटी केली, तिच्या आजीकडचे लोक सामी, म्हणजे इथल्या उत्तरेकडचे मूळचे रहिवासी, ती म्हणाली लहानपणी अरोरा असताना शीळ घालायची नाही असं बजावून ठेवलेलं, तो रागावतो म्हणून. ती अजूनही घालत नाही.

२१ तारखेला ढग होते, सूर्य काही दिसला नाही. पण पाव खाल्ला, आणि हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीला तिळगूळ दिला, म्हटलं आमच्याकडेही सूर्याचाच सण असतो. तिने दोन खाल्ले आणि तिसरा आईसाठी रुमालात बांधून घेतला.

तिसरी, चौथी रात्र ढग. पूर्वाषाढा म्हणाल्या तशी दुपारची पहाट मात्र रोज बघितली, प्रेस्टव्हान तळ्यापाशी जाऊन. तो निळा रंग मी कुठेच बघितला नव्हता.

अबिस्कोला उणे बावीस. रेल्वेतून उतरल्यावर नाकातले केस गोठल्याचं कळतं, पण वारा नव्हता, त्यामुळे ट्रॉम्सोच्या ओल्या थंडीपेक्षा सुसह्य वाटलं. दुसऱ्या रात्री पावणेदहाला मुक्कामाच्या ठिकाणी सांगून तळ्याच्या काठाला गेले. एकटीच होते. आधी तशीच फिकट कमान. अर्धा तास काहीच नाही, पायांची बोटं हलवत उभी. मग पूर्वेकडून ती कमान उजळत आली, आणि तिला घड्या पडायला लागल्या, वाळत घातलेलं नऊवारी वाऱ्यावर हलावं तशा, आणि हिरवी, नुसत्या डोळ्यांना हिरवी! खालच्या काठाला गुलाबी झालर धावत गेली, मी मोठ्याने म्हटलं, नायट्रोजन! ऐकायला कोणी नव्हतं. मग ते सगळं माझ्या डोक्यावर आलं आणि एका बिंदूतून चहूकडे किरणं फाकल्यासारखं झालं. जिवाला इतकं शांत वाटत होतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पापण्यांवर गोठत होतं. फोन खिशातून काढलाच नाही, म्हणून फोटो मागू नका.

फळ्यावर मी चोवीस वर्षं ते कडं स्थिर काढलं. खडूने दुसरं काय काढणार म्हणा, पण निदान सांगायला हवं होतं की ते चालतं, थांबतं, पुन्हा धावतं.

एकटं असण्याबद्दल: भीती एकदाच वाटली, नार्विकला गाडी दोन तास उशिरा होती आणि फलाटावर कोणी नव्हतं तेव्हा. बाकी कधीच नाही. आणि तळ्यावर सोबत कोणी असतं तर मी बोलत बसले असते.

पानगळ

तुमचं वाचून मी आज तिकिटं बघितली.

दादर_टीटी

मनापासून अभिनंदन. माझं मत थोडंच बदललंय, साठीपुढच्यांनी कोणालातरी सोबत न्यावं असं अजूनही वाटतं. पण नऊवारीची उपमा बायकोला वाचून दाखवली, ती आता मागे लागलीय.

खगोलवेडा

डोक्यावर आलं त्याला अरोराचा मुकुट म्हणतात. एका बिंदूतून फाकल्यासारखं दिसतं ते रेल्वेचे रूळ लांबवर एकत्र आल्यासारखे वाटतात ना, तसं. किरणं खरी समांतरच असतात. तुम्हाला पहिल्याच खेपेला मिळालं!

पानगळ

अबोलीताई, मार्चमध्ये अबिस्को जमेल असं दिसतंय. तुमचे ब्रोडर कुठल्या मापाचे? बूट सहा नंबर आहे माझा.

अबोली_नाशिक

माझाही सहाच, पण बूट सातचे घेतले होते आणि ब्रोडर त्यावर बसलेत, रबर आहे, ताणतं. विकत घेऊ नका. नाशिकला येऊन घेऊन जा, मेरिनोचे दोन जोड पण देते.